आप्पांना शाल लागली तो दिवस

"शाल लोकरीची आहे का?" बापूंनी गाडीत बसता बसता विचारलं.

"माहीत नाही, बापू. पिशवीत आहे."

"काढ. बघू दे."

मी पिशवीतून शाल काढली. बापू हेरवाडे ऐंशीला टेकलेले, अंगानं वाळलेल्या शेवग्यासारखे. त्यांनी शालीचं टोक चिमटीत धरून कापडवाल्यासारखं चोळलं, नाकाशी नेलं आणि दारात उभ्या सुनेकडं बघून म्हणाले, "मला घातलेली याहून हलकी होती. चल रे, घे गाडी."

मिरजेहून कोल्हापूर. पुढं ड्रायव्हर, मागं बापू, शाल आणि मी. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि त्या दुपारच्या समारंभाचा सूत्रसंचालक होतो. हसू न येता खोटं बोलता येणारा बोर्डिंगात मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडं आलेलं. बापूंना आणायचं कामही माझ्याकडंच, कारण बाकीच्यांनी आजारी पडायची घाई केली होती.

"विश्या कसा आहे?" बापूंनी विचारलं.

विश्या म्हणजे विश्वंभर चौगुले. आमचे आप्पा. वय बहात्तर. त्यांना विश्या म्हणणारा माणूस जगात शिल्लक असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"बरे आहेत. पण बापू, त्यांना हा सत्कार नको आहे."

"मलाही नको होता," बापू म्हणाले आणि शाल मांडीवर घेऊन तिच्यावर थोपटत बसले.

त्या थोपटण्याची मला फार चीड आली. ती का आली, हे सांगायचं तर आधी बोर्डिंग सांगावं लागेल.

कोल्हापुरात बोर्डिंगं पुष्कळ. आमचं 'बंधुभाव बोर्डिंग' त्यातलंच एक. ते चालवायचं बंधुमंडळ, म्हणजे बोर्डिंगात राहून गेलेल्या आणि राहत असलेल्या सगळ्यांचं मंडळ. तिथं कुठल्याही कॉलेजचा, कुठल्याही जातीचा पोरगा चालायचा. फक्त त्याला थोरला लागायचा. नवा पोरगा ट्रंक घेऊन दारात उभा राहिला की शेवटच्या वर्षातला कुणीतरी हात वर करून म्हणायचा, "हा माझा धाकटा." संपलं. त्या क्षणापासून ट्रंक थोरल्यानं उचलायची, तापात डोकं थोरल्यानं चेपायचं आणि धाकट्यानं उलट बोलायचं नाही. हे नातं मरेपर्यंत. एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत. खोलीत ग्रामसेवक आला होता. तो त्यांचा थोरला.

आप्पा बीएस्सीला म्हणून या बोर्डिंगात आले ते गेलेच नाहीत. विद्यार्थी असतानाच मंडळाचे कार्यवाह झाले. लग्न केलं नाही, नोकरी केली नाही, पोटापुरत्या शिकवण्या घेतल्या आणि उरलेला जन्म एसटीत काढला. सांगली, इचलकरंजी, रत्नागिरी, बेळगाव. जिथं कॉलेज तिथं जाऊन मंडळाची शाखा काढायची, पोरांना एकमेकांचे थोरले-धाकटे करून द्यायचे आणि परत यायचं.

मला त्यांनी कसं धरून ठेवलं ते सांगतो. दुसऱ्या वर्षी गणितात उडालो आणि शिक्षण सोडून गावी निघालो. आप्पा स्टँडवर पोचवायला आले. पोचवायला आलेला माणूस गाडी सुटली की उतरतो. आप्पा चढले, शेजारी बसले आणि गडहिंग्लजपर्यंत वांग्यावरच्या किडीबद्दल बोलत राहिले. गणिताचा ग सुद्धा काढला नाही. गडहिंग्लजला उतरल्यावर म्हणाले, "चला खोत, परतीची गाडी लागलीय." आणि मी चढलो. त्या किडीवर इतकं बोलल्यावर नाही म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं.

तर अशा माणसाला काढून टाकायचं होतं, आणि त्यासाठी शाल आणली होती.

काढून टाकणारे म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, जयकुमार मगदूम. फौंड्रीवाले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. साहेबांना बोर्डिंगची जागा हवी होती. तिथं काचेची इमारत होणार होती, 'बंधुभाव इंटरनॅशनल अकॅडमी'. तिच्यातलं काय इंटरनॅशनल होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही; चित्रात दारापुढं दोन परदेशी मुली हसत उभ्या होत्या, तेवढंच. साहेबांनी समितीकडून तीन वर्षं नवे प्रवेश बंद करवले. त्यामुळं आम्ही उरलेले सगळे थोरले झालो, धाकटा एकही नाही. आणि आमच्या घटनेत स्पष्ट होतं: ज्या घरात धाकटा नाही ते बोर्डिंग नव्हे. मग त्याला कुलूप लावता यायचं. फक्त कार्यवाहाची सही लागायची, आणि आप्पा म्हणाले होते, "हात तोडून न्या. सही हातातच आहे."

आता हे जयकुमार मगदूम कोण? आप्पांचे धाकटे. त्यांची ट्रंक आप्पांनी स्टँडवरून डोक्यावर आणलेली. कावीळ झाली तेव्हा आप्पांनी महिनाभर त्यांचं सगळं केलं होतं. सगळं म्हणजे सगळं.

आणि मंडळाच्या घटनेत एक कलम होतं. नव्या पोराकडून घटना पाठ करून घेत, म्हणून ते आम्हा प्रत्येकाला येत होतं: 'मंडळाने ज्याचा जीवनगौरव केला तो बंधू त्या क्षणापासून सर्व पदांतून मुक्त होईल.' पुढं आणखी काही होतं, पण तेवढ्यात सगळ्यांचं काम व्हायचं. हे कलम लिहिणारे खुद्द आप्पाच. तरुण होते तेव्हा. कारण तेव्हाचे अध्यक्ष काही केल्या खुर्ची सोडत नव्हते आणि थोरल्याला 'आता जा' म्हणायची कुणाची टाप नव्हती. म्हणून त्यांना शाल घातली. स्टेजवर अध्यक्ष ढसाढसा रडले. लोकांना वाटलं आनंदानं. त्या दिवसानंतर त्यांनी बोर्डिंगचं तोंड पाहिलं नाही.

ते अध्यक्ष म्हणजे बापू हेरवाडे. आप्पांचे थोरले. आणि थोरल्याला शाल धाकट्यानं घालायची नाही हाही आमचा नियम, म्हणजे आप्पांना शाल घालू शकणारा माणूस पृथ्वीवर एकच उरला होता. तो माझ्या शेजारी बसून शाल थोपटत होता.

"बापू," मी जयसिंगपूरच्या पुढं शेवटचा प्रयत्न केला, "बोर्डिंग बंद होईल हो."

"माझं तर तेव्हाच बंद झालं. तेव्हा कुणी आलेलं विचारायला?"

"तुमचा राग आप्पांवर आहे. पोरांनी काय केलंय?"

"पोरं!" बापू खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तूच पोरगा ना? मग तूच शाल पिशवीत घालून आणलीस की. विश्याला इतका जपणारा होतास तर हरवायचीस कुठंतरी."

गाडी पंक्चर व्हावी असं मनापासून वाटत होतं. गाडी नवी होती.

साहेबांचा फोन आला. "खोत, निघालात? बरं ऐक. आल्या आल्या स्वयंपाकघराचं मागचं दार बंद करून घे. मागच्या वेळी तिथनंच सटकले."

हेही खरं होतं. त्या वर्षात आप्पांचा गौरव दोनदा फसला होता; तेव्हा शाल घालायला आणलेले जुने थोरले आता हयात नव्हते. पहिल्यांदा नाव पुकारल्यावर आप्पा "आलोच" म्हणून स्वयंपाकघरातून निघाले ते थेट रत्नागिरीच्या गाडीत बसले. दुसऱ्यांदा त्यांनी हातात ताटांची चळत घेतली आणि कार्यक्रमभर खालीच ठेवली नाही. ताटं घेतलेल्या माणसाला शाल घालायला जावं तर ताटं पडतात, आणि साहेबांना पाहुण्यांसमोर आवाज नको होता. लोक लग्नात शाल घेऊन पुढं आले तरी आप्पा नवरदेवाच्या आड लपायचे.

"आणि शाल खांद्याला लागली पाहिजे," साहेब फोनवर सांगत होते. "नुसती हातात दिली तर धरत नाहीत. लागली की लगेच टाळ्या. काय?"

"लागली की टाळ्या," मी म्हणालो.

"शाबास. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की फौंड्रीत ये. बोललोय मी मॅनेजरशी."

फोन ठेवला. बापू हसले. दात नव्हते, त्यामुळं हसू जास्तच मोठं दिसलं.

बोर्डिंगच्या अंगणात मांडव घातला होता. दारात फ्लेक्स: वर 'कृतज्ञता सोहळा', खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात, आपण पासपोर्टला देतो तेवढ्या आकारात, आप्पा. मांडवभर माजी बंधू. डॉक्टर, कारखान्याचे संचालक, मुख्याध्यापक, ते जिल्हा न्यायाधीश. यातल्या प्रत्येकाला आप्पांनी कधीतरी गडहिंग्लजवरून परत आणलेलं होतं. प्रत्येकाला ते कलम पाठ होतं. आणि प्रत्येकजण नवा शर्ट घालून, अत्तर लावून, आप्पांना काढायला आला होता. मला एकाचीही मान खाली दिसली नाही. उलट एकमेकांना टाळ्या देत, "अरे आप्पा म्हणजे आप्पा!" चाललेलं. मागच्या बाजूला केटरिंगवाले. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा. मंडळात कायम पंगत. साहेबांनी बुफे ठेवला होता.

भाषणं सुरू झाली. मी एकेकाला बोलावत होतो, एकेकजण येऊन आप्पांची आठवण सांगत होता आणि शेवटी "आता आप्पांनी विश्रांती घ्यावी" म्हणत होता. एक डॉक्टर तर म्हणाले, "आप्पांनी आता स्वतःसाठी जगावं." ज्या माणसाकडं स्वतःचं म्हणून खोली नंबर एक आणि एक वळकटी होती, त्याला खोलीतून काढून हे सांगत होते स्वतःसाठी जग. पुढच्या रांगेतल्या, साहेबांच्या घरच्या वहिनींनी डोळे पुसले.

आप्पा स्टेजवर खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसले होते. उकाड्याचे दिवस, आणि अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, डोक्याला टोपी. शाल ठेवायला जागाच ठेवली नव्हती.

"आणि आता," मी माईकमध्ये म्हणालो, "ज्या क्षणाची आपण सर्वजण..."

आप्पा उठले आणि चालू लागले. पळत नव्हते, घाईनं चालत होते, स्टँडवर आपली गाडी दिसल्यासारखे. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दार बंद होतं. मीच केलं होतं. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. न्यायाधीश आणि साहेबांनी त्यांना दोन्ही बाजूंनी दंडाला धरलं, अगदी सन्मानानं, आणि परत आणून बसवलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं मफलर सोडवला.

"सोड, जयकुमार," आप्पा म्हणाले. "मला नको हे."

"आप्पा, असं कसं? आमचा हक्क आहे तो."

बापूंना दोघांनी धरून उभं केलं. सगळ्या जुन्या लोकांना ठाऊक होतं कुणाचं कुणाशी काय होतं ते. बापूंनी शाल झटकली, उलगडली. आप्पांनी वर बघितलं. इतक्या वर्षांनी ते दोघं इतक्या जवळ आले होते.

"विश्या," बापू म्हणाले, "हलू नको."

आणि शाल लागली.

टाळ्या मी वाजवल्या नाहीत. माझ्या हातात माईक होता, ही एक सोय. बाकीच्यांनी उभं राहून वाजवल्या. आप्पांनी डोळे मिटलेले. साहेबांनी माझ्या हातातला माईक ओढून घेतला.

"बंधूंनो! घटनेप्रमाणं आपले आप्पा या क्षणापासून सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त झाले. नवे कार्यवाह लवकरच जाहीर करू. दसऱ्याला अकॅडमीचं भूमिपूजन. आप्पांनी आता दोन शब्द बोलावेत आणि मग सर्वांनी जेवून जावं."

माईक माझ्याकडं आला. मी तो आप्पांपुढं धरला. आप्पांनी डोळे उघडले, टोपी नीट केली, शाल खांद्यावर दोन्हीकडं सारखी ओढून घेतली. पहिल्यांदाच मला वाटलं, या माणसाला शाल आवडलेली दिसते.

"झालो ना मुक्त?" त्यांनी विचारलं. "जयकुमार, नक्की?"

"नक्की, आप्पा."

"न्यायाधीशसाहेब?"

"त्या क्षणापासून," न्यायाधीश म्हणाले. "कलम स्पष्ट आहे."

"पुरतं म्हणा की कलम."

न्यायाधीशांनी घसा खाकरला. बोर्डिंगात पाठ केलेलं माणूस विसरत नाही. "'...सर्व पदांतून मुक्त होईल, आणि साध्या बंधूचे सर्व हक्क भोगील.'" शेवटच्या शब्दाला ते जरा अडखळले.

"हां," आप्पा म्हणाले. "तर मी आता साधा बंधू. पदावरच्या माणसाला बोर्डिंगात विद्यार्थी म्हणून राहता येत नाही, म्हणून मी आजपर्यंत कार्यवाहाच्या खोलीत राहिलो. आता येतं." त्यांनी स्वेटरमध्ये हात घालून एक ओळखपत्र काढलं. कॉलेजचं. त्यावर टोपीसकट आप्पांचा फोटो होता. "एम. ए. मराठी, भाग एक. प्रवेश घेतलाय. मला बोर्डिंगात जागा पाहिजे."

मांडवात कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

"आप्पा," साहेब म्हणाले, "प्रवेश बंद आहेत."

"नव्या पोराला समितीची परवानगी लागते. जुन्या बंधूला लागत नाही. शिकत असला आणि राहणारा एक थोरला मिळाला की पुरे."

"पण तुम्ही... या वयात तुम्ही धाकटे होणार?"

"बोर्डिंगात धाकटा एकही नाही, असं तूच म्हणत होतास. मी म्हटलं, आपण होऊ."

साहेबांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. फौंड्रीत धातू ओततात, तो गार होताना बघितलाय? तसं काहीतरी. मग ते बापूंकडं वळले. "बापू! बघा काय चाललंय! तुम्हाला काढलं ह्यांनी, आणि आता..."

"माईक आण इकडं," बापू मला म्हणाले.

मी नेला. बापूंनी तो दोन्ही हातांनी धरला, काठी धरतात तसा.

"महिन्यामागं हा माझ्या दारात आला. मी म्हटलं, चालता हो. गेला नाही. पायरीवर बसून राहिला. शेवटी सुनेनं चहा दिला. मग म्हणाला, बापू, मला शाल घाला. राजीनामा दिला तर मंडळाचं सभासदत्व जातं. शाल घातली तर पद जातं, मंडळ राहतं. मी म्हटलं, हे कुठं लिहिलंय? म्हणाला, त्याच वाक्यात. पुढं." बापू थांबले. दम लागला होता. "माझ्यासाठी लिहिलं होतं ह्यानं ते. मी खुर्ची सोडावी पण घर सोडू नये म्हणून. मी रागात अर्धंच ऐकलं आणि निघून गेलो. आणि मिरजेत बसून राहिलो. इतकी वर्षं."

आप्पा शालीच्या काठाशी चाळा करत होते.

"मग नको नको का करत होते?" साहेब ओरडले. "पळत होते! ताटं घेऊन बसत होते!"

"तुला मी कावीळ झाल्यापासून ओळखतो, जयकुमार," आप्पा म्हणाले. "दूध घे म्हटलं की तोंड फिरवायचास. तेच दूध कपाटात ठेवून कुलूप लावलं की तांब्या घेऊन हजर."

आता लोक हसले. मी हसलो नाही. मला राग आला होता, आणि आता तो आप्पांवरही होता. गेलं वर्षभर आम्ही पोरं त्यांच्या काळजीनं जेवत नव्हतो आणि हा माणूस प्रॅक्टिस करत होता! बापू तर मिरजेपासून माझं रक्त उकळत आले होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "तुझं थोबाड बघूनच मगदूमला खात्री पटली. नाटकात नुसते नट असून चालत नाही रे, एक तरी खरा माणूस लागतो."

पण तेव्हा कुणी काही विचारायच्या आत साहेब सावरले होते. ते उगाच फौंड्रीवाले झाले नव्हते.

"ठीक आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "घटना ती घटना. राहणारा थोरला पाहिजे ना? बोर्डिंगात राहणारे हे इथं आहेत." त्यांनी मांडवाच्या मागच्या बाजूला, आम्हा पोरांच्या घोळक्याकडं हात केला. "कुणाला आप्पांचा थोरला व्हायचंय? बहात्तर वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करायला कोण तयार आहे? करा हात वर."

कुणी केला नाही. साहेबांनी आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून काही ना काही कबूल केलं होतं. एकाला शिफारस, एकाला भावाची बदली. पोरं चपलांकडं बघत होती. मी त्यांना नावं ठेवत नाही. पुढच्या रांगांमधल्या मोठ्या लोकांना मात्र ठेवतो, आजही ठेवतो. त्यातला एकजण उठून म्हणाला असता, "पोरांनो, घाबरू नका," तर पुरत होतं. कारखान्याचे संचालक मोबाइल बघत होते. मोबाइल बंद होता.

आप्पा उभे होते. दारात ट्रंक घेऊन उभं राहिल्यासारखे. त्यांनी हजारो पोरांना असं उभं राहिलेलं बघितलं असेल, आणि कुणीतरी हात वर करीपर्यंतची ती वेळ कशी जाते ते त्यांना आता कळत होतं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. तो बिघडला.

साहेब माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "खोत, तू हुशार आहेस. गप उभा राहा. एप्रिलपासून फौंड्रीत यायचंय ना? आणि ह्या थेरड्याचं काय, आज आहे उद्या नाही."

माईक बापूंकडून माझ्याकडं परत आला होता आणि चालू होता.

'उद्या नाही' मांडवाच्या चारही भोंग्यांतून गेलं, समोरच्या शाळेच्या भिंतीवर आपटलं आणि परत आलं. केटरिंगवाल्याच्या हातातला झारा थांबला. पुढच्या रांगेतल्या वहिनींचा पदर डोळ्यांशीच राहिला.

मी हात वर केला. विचार केला असं नाही. मला फक्त प्रचंड राग आला होता आणि हाताला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं; थोरल्यांच्या थोबाडीत मारायची मंडळात पद्धत नाही.

"हा माझा धाकटा," मी म्हणालो. तेही भोंग्यांतून गेलं.

न्यायाधीश उभे राहिले आणि कोर्टात म्हणावं तसं म्हणाले, "नोंद झाली." आप्पांची बाजू घ्यायचं जे काम तासभर आधी करता आलं असतं ते करून ते बसले.

"आता कुलूप लागत नाही," बापू म्हणाले. "घरात धाकटा आलाय. मगदूम, जेवायचं बघा. भूक लागली."

साहेब केटरिंगकडं वळले. त्यांना निदान एवढं तरी उरकायचं होतं. "चला, चला, सर्वांनी जेवून घ्या. ताटं तिकडं आहेत."

माणसं उठली. केटरिंगकडं पन्नासेक पावलं पडली असतील नसतील, तेवढ्यात पिकल्या केसांचे एक मुख्याध्यापक मध्येच थांबले. त्यांच्या मागचे थांबले. हळूहळू सगळेच थांबले. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं. तीन वर्षं नवं कुणी आलंच नव्हतं, त्यामुळं आम्ही विसरलो होतो. जुने लोक विसरले नव्हते. नवा धाकटा ज्या दिवशी घरात येतो त्या दिवशी पहिलं पान त्याचं. थोरला वाढतो. धाकटा उठेपर्यंत दुसऱ्या कुणी घास घ्यायचा नाही. मग तो कुणीही असो.

ताट घेतलेल्यांनी ताटं परत ठेवली. आवाज झाला.

मी अंगणात सतरंजी टाकली. आप्पा बसले. मी पान मांडलं, पाणी ठेवलं, मसालेभात वाढला, जिलेबी वाढली, द्रोणात मठ्ठा ओतला. आप्पा पानाकडं बघत राहिले. या माणसाला मी कधी पहिल्या पंगतीला बसलेलं बघितलं नव्हतं. तो कायम वाढायचा, आणि सगळे उठल्यावर भांड्यात काय राहिलंय ते बघायचा. त्याचा हात पानावर आडवा ठेवलेला, 'पुरे' म्हणताना ठेवतात तसा.

"खोत," ते हळूच म्हणाले, "लोक उभे आहेत रे. त्यांना बसू दे आधी. साखरेची माणसं आहेत त्यात, गोळ्या असतात त्यांच्या..."

"आप्पा, जेवा."

"माझ्यानं नाही व्हायचं. गळ्याखाली उतरणार नाही."

मी बापूंकडं बघितलं. त्यांनी खुर्चीतूनच भुवई वर केली. तुझा धाकटा, तू बघ.

मी आप्पांसमोर उकिडवा बसलो. त्यांचा हात धरून पानावरून बाजूला केला. वाळलेला, हलका हात.

"जेव."

मांडवात कुणीतरी श्वास ओढला. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना फार दिवसांनी स्टँडवर भेटलोय.

"उलट बोलायचं नाही," मी म्हणालो. "जेव म्हटलं ना. सावकाश."

आप्पांनी घास घेतला. एक चावला, गिळला. दुसरा घेतला. कवळी होती, त्यामुळं वेळ लागत होता. सभोवती सगळे माजी बंधू हात बांधून उभे. साहेबांच्या जिलेब्या गार होत होत्या, साहेब स्वतः त्यांच्याशेजारी उभे होते आणि त्यांना हलता येत नव्हतं. हलले असते तर त्यांच्या थोरल्याच्या पंक्तीतून हलले असते, आणि तेवढी छाती त्यांची अजून झाली नव्हती. कुणीतरी रडत होतं. बहुतेक तेच मुख्याध्यापक. बाकीच्यांना नुसती भूक लागली होती आणि ती त्यांना लागावी, खूप लागावी, असं मी वाढता वाढता मनोमन म्हणत होतो.

आप्पांनी मठ्ठा संपवला. पान पुसून खाल्लं. मिशी पुसली. उठायचं म्हणून जमिनीला हात टेकला. मागं चारशे माणसं एकदम अर्धं पाऊल पुढं झाली.

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, एकेकाकडं, ओळखत ओळखत. मग हात उचलला आणि परत मांडी ठोकून बसले.

"थोरले," ते मला म्हणाले, "मसालेभात आहे का अजून?"